खरवड

ग्वाव, ग्रेनाडा
३ फेब्रुवारी १९९७

ती. मर्लिनताईस,
थियाचा स. न. वि. वि.

तू सामान भरून पाठवलेलं पिंप पोचलं. चपला बघून आई म्हणाली, लेकीला ब्रुकलिनला जाऊन आईच्या पायाचं मापही आठवेनासं झालं. रागावू नकोस, रोज त्याच घालते.

आता खरं सांगते. ताप उतरला, पण आईच्या जिभेची चव गेली ती गेलीच. कबूल करत नाही. अजूनही ऑइल डाऊनचा थेंब तळहातावर घेऊन चाटते, ‘आता कसं!’ म्हणत मान डोलावते, आणि पातेलं नुसतं खारट असतं. तिची पाठ वळली की मी त्यात घालायची डुकराची खारी शेपटं पुन्हा उकळून पाणी फेकते, तरी अंदाज चुकतोच. दर बुधवारी बोटीवरचे पाहुणे जायफळाची वखार बघून बसने आपल्या खानावळीत जेवायला येतात. ऑइल डाऊनमधला नीरफणस आणि अळू ते जन्मात पहिल्यांदा खाणार, त्यांना काय कळतंय! वाहवा करतात, आईबरोबर फोटो काढतात. गावातले मात्र मान खाली घालून जेवतात आणि जातात. तळाची खरवड तशीच उरते. परवा आई त्या पातेल्याकडे बघत कितीतरी वेळ उभी होती.

डॉक्टर म्हणतात, चव येईलही, न येईलही. पातेल्यातला डाव हातातून सुटला तर आई जगायची नाही गं. मला काही सुचत नाही.

माया असू दे. पिंपातून नको, पत्रातून पाठव.
तुझी थिया


ब्रुकलिन
१७ फेब्रुवारी

चि. थियास अ. उ. आ.

रडूबाई, मी इथून काय करू? तुझं पत्र कामावर वाचलं आणि डोळे पुसायला रुमालही नव्हता. एक कर. शेजारच्या कथबर्टला विश्वासात घे. बुधवारी येऊन खरवड मागू दे, कशीही असली तरी संपवू दे. तेवढ्याने आईला धीर येईल. मी तिला वेगळं पत्र टाकलंय, तिच्या हातच्या चवीचं भरभरून कौतुक केलंय. एवढंच माझ्या हातात आहे.

स्वतःही जेवत जा. आठवण ठेव.
तुझी मर्लिन


ग्वाव
६ मार्च

ती. मर्लिनताईस स. न. वि. वि.

जमलं गं! काल कथबर्टकाका धुतलेला सदरा घालून आला, थाळी पुढे केली आणि म्हणाला, ‘युनिसबाई, थोडी खरवड मिळेल का?’ बोटं चाटून संपवली. खारट होती, डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या. आई खूप हसली. मी मागच्या दारी जाऊन रडले, आनंदाने.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी थिया


ग्वाव
१० मार्च

चि. मर्लिनला आईचे आशीर्वाद.

थियाला वाटतं मला काही कळत नाही. ती शेपटं पुन्हा उकळते ते मला दिसतं. चव गेली असली तरी डोळे शाबूत आहेत. मी मुद्दाम पाठ वळवते, म्हणजे पोरीला सवड मिळते.

खरवड उरायला लागली तेव्हा मनाची समजूत घातली की लोकांची पोटं भरली असतील. पण बुधवारी कथबर्ट आला. हा मेला आयुष्यभर स्वतःचा चमचा घेऊन आला, ‘सरक म्हातारे’ म्हणत माझ्या पातेल्यात घुसला, खरवडीसाठी माझ्या नवऱ्याशी हातघाईवर आला. खरवड कुणी कधी मागतं का? त्याने मला बाई म्हटलं. थोडी मिळेल का म्हणाला. इतक्या गोड आवाजात माणसं आजाऱ्याच्या उशाशी बोलतात.

मी हसले, दुसरं काय करणार! लगेच रडले असते तर थियाने डाव काढून घेतला असता. तिला काही सांगू नकोस. येत्या बुधवारीही मी तळहात चाटीन आणि मान डोलावीन.

आणि तुझंही मागचं पत्र फार गोड होतं, पोरी. पाया पडते, पुन्हा पहिल्यासारखं भांडून लिही.

तुझी आई