कुंडीतल्या वडाचे दोरे

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १७८५

रा. रा. नत्थुजी यांसी वामनरावाचा रामराम, वि. वि. इकडे सर्व खुशाल. फक्त एकाची तब्येत बिघडली आहे, आणि ते ऐकून मेहुणेपणा विसरून तुम्ही मला जोड्याने माराल.

तुमच्या आईने लग्नात सत्यभामेबरोबर पाठवलेला तो हातभर उंचीचा कुंडीतला वड पाने गाळू लागला आहे. ती बाळंतपणाला अकोल्यास तुमच्याकडे निघाली तेव्हा पासष्ट पाने मोजून माझ्या स्वाधीन करून गेली. आज बेचाळीस आहेत. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला असा भाव आला आहे की शहाणी माणसे वेडी झाली. आमची ओसरी, पडवी, देवघराची पायरीसुद्धा कापसाने भरली, म्हणून कुंडी माजघराच्या कोपऱ्यात ठेवली. पाण्यात कसूर नाही, दोन वेळा घालतो. गंगूआत्या म्हणते याले नजर लागली, म्हणून तिने ताकही घातले.

सत्यभामा दर वटपौर्णिमेला याच वडाला दोरा गुंडाळते आणि माझा जीव यातच आहे असे धरून चालते. तिला सातवा महिना सरत आला आहे. तिला यातले काही कळू देऊ नका. उत्तर आमचा गाडीवान पुंजाराम याच्याबरोबर पाठवावे. रागावलात तरी माया आटू देऊ नये.

वामनराव

अकोला, मार्गशीर्ष वद्य २

अमरावतीकर पाहुण्यांस नत्थुजी माळ्याचा रामराम. पत्र पावले. ताक? आमच्या सात पिढ्या मोर्णेच्या काठी मळा करतात, पण झाडाला जेवायला बसवलेले कोणी ऐकले नव्हते.

झाड तहानेने मरते त्याहून जास्त लाडाने मरते. मातीत बोट खुपसून पाहा, पेरभर खोल कोरडे लागले तरच पाणी घाला. कुंडीचे खालचे भोक काडीने मोकळे करा. कापूस आत न्या आणि वड सकाळच्या उन्हात ठेवा. पानांवर कापसाची धूळ बसली असेल, ती ओल्या फडक्याने पुसा.

आता खरे सांगा, तुमची तब्येत कशी आहे? मागचा खोकला गेला का? वेळेवर जेवता का? अंगात कणकण तर नाही ना? लपवू नका. सत्यभामेला आम्ही काही सांगितलेले नाही. आठवण ठेवत जावी.

नत्थुजी

अमरावती, पौष शुद्ध १

रा. रा. नत्थुजी यांसी रामराम, वि. वि. सांगितले ते सारे केले. वड आता ओसरीत ऊन खात बसतो आणि मी माजघरात कापसाच्या गंजीवर निजतो. तरी पाने अकराच उरली.

काल पुसताना खरा प्रकार दिसला. सात वर्षांचे दोरे एकावर एक, हळदीकुंकवाने घट्ट झालेले. खोड वाढले, दोरे काही वाढले नाहीत. दोऱ्यांखाली खोड करंगळीएवढे आहे आणि वर मनगटाएवढे सुजले आहे. बाहेरच्या वडावरचा दोरा पावसाने कुजून आपोआप गळतो. हा घरात बसला, म्हणून जसाच्या तसा राहिला. गंगूआत्याला दाखवले तर तिने कानांवर हात ठेवले. पूजेचा दोरा कोणी तोडतं का, म्हणाली.

आता दुसरे. नत्थुजी, सात वर्षांत तुम्ही माझा खोकला एकदाही विचारला नाही, आणि मागच्या पत्रात माझ्या जिवाची चार वेळा चौकशी. शिवाय एवढ्या पत्रात माझे नाव कुठेच नाही. माझे नाव न घेणारे माणूस या जगात एकच आहे. तेव्हा त्या पत्राला जिचा हात लागला, तिने सांगावे, दोरा तोडू का? आमच्यावर लोभ आहेच, तो असाच उघडा असू द्यावा.

वामनराव

अकोला, पौष शुद्ध ९

घरच्या धन्यांस सत्यभामेचा साष्टांग नमस्कार. चोरी सापडली. दादाला वाचता येते, पण लिहायचे म्हटले की तो बोरू फावड्यासारखा धरतो. दसऱ्यापासून मी त्याच्याकडून अक्षरे शिकले. त्या पत्रातला राग त्याचा, अक्षरे माझी. तब्येतीचे प्रश्न मीच घुसडले.

गंगूआत्या एकदा म्हणाल्या होत्या, बाईने लेखणी धरली की नवऱ्याचे आयुष्य घटते. तेव्हा मी हसले होते. मग तुमचे पहिले पत्र आले. मी इथे अक्षरे गिरवते आणि तिथे तुमच्या वडाची पाने गळतात! मी फार भ्याले. दौत परसात पुरून टाकली. दादाने ती उकरून आणली. म्हणाला, शाईनं झाड मेलेलं म्या पाहिलं नाही, ताकानं मात्र पाहीन.

दोरे मी बांधले, तोडा असे मीच सांगते. कात्री सावकाश चालवा, साल सोलू देऊ नका. पण बाळ येईपर्यंत पालवी फुटली नाही, तर हे माझे शेवटचे पत्र. पुन्हा लेखणी धरणार नाही. खोकल्याचे उत्तर राहिले आहे. पायांपाशी जागा असावी.

सत्यभामा

अमरावती, माघ शुद्ध ६

सौ. सत्यभामेस अनेक आशीर्वाद, वि. वि. खोकला दिवाळीतच गेला. पत्र आले त्याच दिवशी दोरे कापले. गंगूआत्या तोंड फिरवून बसली, पण कुंडी हलू नये म्हणून धरली तिनेच. चार दिवसांत उरलेली अकरा पानेही गळाली. मग तीन आठवडे नुसती काठी. मी लिहिले नाही, कारण भीती वाटत होती. माझ्या जिवाची नव्हे, तुझ्या लेखणीची.

आज सकाळी दोऱ्याच्या वळाखाली तीन लाल कोंब दिसले. बाळ आधी आले की कोंब, कळायला मार्ग नाही. म्हणून कापसाच्या या चढ्या भावाच्या दिवसांत एक गाडी रिकामी जुंपली आहे. पुंजाराम फक्त हे पत्र आणि बोरूची चार कलमे घेऊन येत आहे. आत्याने मेथीचे लाडू बळेच घातले. जिवाला जपावे.

वामनराव

अकोला, माघ वद्य ६

धन्यांस साष्टांग नमस्कार. कन्या झाली, आज बारा दिवसांची आहे. पुंजाराम पोचला तेव्हा मला कळा सुरू होत्या. दादा दाराबाहेरून पत्र वाचू लागला, तर मी ते आत मागवून स्वतः वाचले. सुईण म्हणाली, अशी बाई पाहिली नाही. आत्यांना सांगा, लाडू कडू झाले होते, पण सगळे खाल्ले.

नवऱ्याचे नाव तोंडाने घेऊ नये, हे मला सगळ्यांनी शिकवले. लिहू नये असे कोणीच सांगितले नाही. बाई लिहील, हे कोणाच्या मनातच आले नसावे. म्हणून पोरीला मांडीवर घेऊन आज पहिल्यांदा लिहिते आहे. अक्षर वाकडे आले तर हसू नका.

वामनराव.