दाबलेली वाट

१ जून १८६८, सोमवार
प्रभूच्या कृपेने सुखरूप पोचलो. वाळवंटाच्या पश्चिम टोकाची ही गाड्यांची चौकी आता आम्हा नवरा-बायकोची, ऑरिनची नि माझी. दोन खोल्या, मातीने लिंपलेलं छप्पर, गोठा, आणि मुख्य म्हणजे विहीर. पाणी कडवट आहे, पण कॉफीत कळत नाही. चाळीस मैल कोरडी वाट तुडवून आलेली माणसं नि बैल पहिलं पाणी इथेच पितात. विहीर बघून आमच्या चार वर्षांच्या लेकीने, डोर्कसने, टाळ्याच वाजवल्या. वाटेत लोकांनी टाकून दिलेल्या सामानातून मी एक लोखंडी तवा नि दोन गोधड्या उचलून आणल्या. धड वस्तू वाया का घालवायची? चौकीचा जुना मालक लेम्युएल आम्हाला सगळं शिकवायला महिनाभर राहणार आहे. म्हातारा तोंडाचा फार वाईट. पण रात्री म्हणाला, बाई, तुमच्या हातच्या पावासाठी मी शिव्या सोडून देईन, निदान जेवण होईपर्यंत तरी.

९ जून, मंगळवार
लेम्युएल रोज सकाळी जड, रिकामी गाडी जुंपतो, वळणापर्यंत नेतो आणि परत आणतो. वैरण उगाच खर्ची पडते. ऑरिनने त्याची थट्टा केली की म्हाताऱ्याला हवा खायलासुद्धा सहा बैल लागतात. लेम्युएल हसला नाही. म्हणाला, अठराशे पन्नासच्या उन्हाळ्यात माणसं या विहिरीच्या हाकेवर येऊन तहानेने मेली. कोल्ह्यांनी उकरू नयेत म्हणून सोबत्यांनी त्यांना रस्त्याच्या मधोमध पुरलं आणि वरून गाड्या नेल्या. क्रूस नाही, दगड नाही. त्यांच्यावरून रोज चाक फिरलंच पाहिजे. का, ते सांगेना. मी त्या सगळ्यांसाठी प्रार्थना केली.

१४ जून, रविवार
प्रभूच्या विश्रांतीच्या दिवशी माझ्या दारात चाक फिरणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. लेम्युएल म्हणाला, बाई, तुमचा देव सहा दिवसांत काम उरकून मोकळा झाला, कारण त्याला हा रस्ता सांभाळायचा नव्हता. मी जुवाच्या खिळी लपवून ठेवल्या. दिवसभरात दुसऱ्या कोणाची गाडीही आली नाही. डोर्कसला देवाची गाणी शिकवली. फार शांत दिवस गेला.

१५ जून, सोमवार
सकाळी पाहिलं तर चाकोऱ्या बुजलेल्या. रात्रभर झाकून ठेवलेलं पीठ फुगावं तसा रस्ता जागोजागी फुगला होता. मी बोट लावलं, माती उबदार होती. लेम्युएलने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी मुकाट्याने खिळी दिल्या. गाडी वरून गेली तेव्हा खालून आवाज आला. कोणाच्या छातीवर बसलं की निघतो तसा.
आता रविवारीही गाडी जाईल. प्रभू मला क्षमा करो.

३ ऑगस्ट, सोमवार
लेम्युएल जुलैतच गेला. तो खालच्या नदीकाठी राहतो. उत्तरेकडे आगगाडीचे रूळ येताहेत, त्यामुळे वाट ओस पडली आहे. शेकडो चाकं फिरायची तिथे आता आमचं एकट्याचं. एक फेरी पुरत नाही. सकाळी दाबलेलं दुपारी वर येतं. ऑरिन म्हणतो, जमिनीतला क्षार फुगतो, बाकी काही नाही.

९ ऑगस्ट, रविवार
काय ते एकदाचं बघतोच म्हणत ऑरिन फावडं घेऊन गेला. लगेच परत आला. फावडं तिथेच टाकून. काय दिसलं ते सांगत नाही. फक्त पाणी मागतो.

१० ऑगस्ट
बादल्यांमागून बादल्या पितोय. ओठ फुटलेत. म्हणतो, केझिया, पाणी पोटात जातंय, पण तोंडाला लागत नाही गं.

११ ऑगस्ट
ऑरिन गेला. पाण्याने भरलेल्या बादलीशेजारी, तहानेने. जीभ काळी पडली होती.
निरोप मिळताच लेम्युएल आला. ऑरिनला त्या सगळ्यांसारखाच पुरला, रस्त्यात, वरून चाक जावं म्हणून. म्हणाला, आत्ता माझ्यादेखत गाडी न्या. मी म्हटलं, मी एकटी नेईन, बायकोचं काम आहे ते. तो म्हणाला, मुलीला तरी माझ्याबरोबर पाठवा. नाही पाठवली. तिच्याशिवाय मला आता कोण आहे?

१२ ऑगस्ट
सगळ्यांवरून नेली. त्याच्यापाशी आल्यावर बैल बाजूला वळवले. त्या छातीवर डोकं ठेवून मी नऊ वर्षं झोपले. कशी नेऊ?

१४ ऑगस्ट
बाकी वाट सपाट आहे. फक्त त्याची जागा —
डोर्कस म्हणते, बाबा पाणी मागतोय. मी तिच्या थोबाडीत दिली. आजवर कधी हात उचलला नव्हता.
मलाही ऐकू येतं.

१६ ऑगस्ट
गुडघ्याएवढा उंचवटा. मधून चिरलेला. बैल जवळ जाईनात. उद्या न्यायचीच. त्याच्यावरूनच. नाहीतर पोरगी —

१७ ऑगस्ट
बैल जुंपले. डोळ्यांवर फडकी बांधलीत, आता जातील. डोर्कसला आत कोंडून मग —
बिछान्यात नाही. मागचं दार उघडं —
खिडकीतून दिसतेय. रस्त्यात गुडघे टेकून बसलीय. पेला वाकडा करून ओततेय. चिरेतून हात — त्याची अंगठी — पेल्याचं बूड धरलंय —
हाक मारली. आवाज फुटला नाही. पाय उचलत नाहीत, हा हातच काय तो चालतोय. गाडी हाकली तर ती चाकाखाली. नाही हाकली तर —
प्यायला. घोट ऐकू आला. हसतेय ती. म्हणते, आई, आणखी आण, सगळ्यांनाच हवंय —
त्याच्या मागची माती. पुढची. वळणापर्यंत अख्खी वाट वर