रूटची किल्ली माझ्याकडेच राहणार

आदरणीय बदरी मामा,

अलेक्झांड्रियाहून भाचा रिफाई याचा सलाम. तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि होडीचं गळणं, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी धडधाकट आहे आणि चूक माझी नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण नागीने तुमच्या कानावर घातलं असेलच.

नागी म्हणजे आमच्या झेरॉक्सच्या दुकानाचे मालक हाज शाबान यांचा मेहुणा. दुकानात कॉम्प्युटर एकच, त्यावर लिनक्स (एका विद्यार्थ्याने फुकट घालून दिलं, मला चार गोष्टी शिकवल्या आणि लष्करात गेला). यात रूट नावाचा एक अधिकार असतो. रूट म्हणजे आपल्या गावचा कारभार हाकणारा उम्दा समजा. त्याने सांगितलं की मशीन स्वतःचं घरसुद्धा पेटवतं, का म्हणून विचारत नाही. असा अधिकार एकाकडेच असावा. पण हाजना नातेवाइकाला नाही म्हणता येत नाही. आधी मेहुण्याला दिला, मेहुण्याला दिला म्हणून पुतण्याला, मग पुतण्याच्या सासऱ्यांना, जे दुकानात फक्त चहाला येतात. गावभर उम्देच उम्दे, आणि रयत म्हणून मी एकटा.

रविवारी नागीने जागा मोकळी करतो म्हणत वकिलीच्या मुलांच्या सगळ्या नोट्स उडवल्या. (साध्या माणसाला मशीनने अडवलं असतं. उम्द्याला कोण अडवणार?) माझं डोकं फिरलं. मी एकेकाचा अधिकार काढून घेतला, रूटचा पासवर्ड बदलला आणि शांतपणे चहा मागवला. दुपारी नागी परत काही उडवायला बसला, तर मशीन म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही, आणि या प्रकाराची तक्रार वर कळवली जाईल. वर म्हणजे कोणाकडे, असं त्याने मला विचारलं.

"माझ्याकडे," मी म्हणालो.

तेव्हापासून दुकानात युद्ध आहे. नवा प्रिंटर खोक्यात पडून आहे, पासवर्डशिवाय तो बसत नाही, आणि शनिवारपासून परीक्षा. हाज म्हणाले, "पोरा, पासवर्ड दे, नागीच्या कपाळाचा मुका घे आणि मिटव. नाहीतर गुरुवारी गावची गाडी धर."

"नोकरी घ्या, हाज. पासवर्ड मिळणार नाही."

रांगेतला एक पोरगा हळूच म्हणाला, दक्षिणेकडचं सईदी डोकं आहे, भिंत फुटेल पण हे वाकणार नाही. मामा, मान ताठ ठेवून सांगतो, मी वाकणार नाही.

तुमचा ताठ भाचा,
रिफाई

ता. क. मामीला इथपर्यंतच वाचून दाखवा.

ता. क. पासवर्ड मला आठवत नाही. तो टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही, आणि मी रागात होतो. नागीला दिलेली शिवी होती एवढं नक्की. एकोणतीस घालून पाहिल्या. माझ्या सगळ्या शिव्या तुमच्याच होडीवर शिकलेल्या, तेव्हा पलीकडच्या नावाड्यांना देता त्या सगळ्या स्वच्छ अक्षरात लिहून हे पत्र आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्याच हाती बुधवारच्या आत पाठवा. (फोन केला असता, पण तो मामी उचलते.) तिच्या माहेरच्यांसाठी राखून ठेवलेल्या विसरू नका. माझा संशय त्यांच्यावरच आहे.