ताप उतरल्यावर बदललेली साडी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणी विचारलं तर मी लिव्हरचा कॅन्सर म्हणते आणि मोकळी होते. खरं तर ती गाठ डॉक्टरांनी सुई घालून, उष्णता देऊन जाळून टाकली होती. जाळलेल्या जागेत पू झाला, त्याने तू गेलीस. पण एवढं कोण सांगत बसणार? सुई घालायच्या आधी तूच त्यांना बजावलं होतंस, "भाजताय तर नीट भाजा, वांगं आतून कच्चं ठेवू नका." महापालिकेच्या शाळेत शिकवण्यात जन्म काढलेली बाई तू, त्यांनाही वर्गातल्या पोरांसारखं 'हो बाई' म्हणायला लावलंस.

घरी सोडताना त्यांनी सांगितलं होतं, थोडे दिवस कणकण राहील, उजवा खांदा दुखेल, घाबरू नका. पण ताप लांबला, हुडहुडी भरली, तर लगेच या. तू शहाण्यासारखी मान डोलावलीस. मी ऑफिसमधून येते तेव्हा तू ओट्याशी उभी असतेस, अंगावर धुतलेली साडी, मेतकूट-भात तयार. कपाळाला हात लावून बघते तर गार. मी म्हणते, किती ताजीतवानी दिसतेस गं. तू म्हणतेस, "मला काय धाड भरलीये? तू तुझ्या जाण्याचं बघ." कंपनी मला अमेरिकेला पाठवणार होती आणि तू ते अख्ख्या सोसायटीला सांगून बसली होतीस.

शेजारच्या काकूंनी नंतर सगळं सांगितलं. दुपारी थंडीने तुझी खाट हलायची. माझी बस स्वारगेटला यायच्या आधी तू तापाची गोळी घ्यायचीस, घामाने भिजलेली साडी बदलायचीस. पोरीचं विमान उडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी शपथ काकूंना घातली होतीस. मी तिकडे पोचले आणि इकडे त्यांनी तुला दवाखान्यात नेलं. नळी घालून पू काढला, पण तोवर विष अंगभर पसरलं होतं. मी परत आले तेव्हा तू बोलत नव्हतीस.

तुझा राग येतो गं, अजून येतो. आता तर रागावायचाही कंटाळा आलाय. हे पत्र टाकायचं तरी कुठे, म्हणून इथेच राहील. एकच सांगायचं राहिलंय. मला जायचंच नव्हतं, आई. तू "नको जाऊस" म्हणशील, म्हणून मी शेवटच्या दिवसापर्यंत वाट बघत होते.