सुमती जेवली का?

अहो,

तुमचं नाव कधी घेतलं नाही, आता लिहितानाही हात धजत नाही. पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही. काल तुमचा धाकटा भाऊ आला, आणि येताना तुमची गोष्ट घेऊन आला!

तीच ती, तुम्ही लिहिलेली, दिवाळी अंकातली. नवरा अचानक जातो, सुमती पदराला डोळे पुसते, ‘काही दिवसांत ती सावरली’, आणि दिराच्या घरी राहायला जाते. भाऊजींनी पारावर चार माणसांत ती मोठ्यानं वाचली. वर म्हणाले, "वहिनी, दादानं तुमच्यासाठीच लिवून ठिवलंय. आवरा, परवा कोपरगावला निघू. मास्तरची बायको खडी फोडती म्हून लोकं आमच्या तोंडात शेण घालत्यात." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे ती गोष्ट राहिलीच नाही, तुमचं मृत्युपत्र झालं!

जाऊबाईंना घरात राबायला माणूस हवंय, हे शेंबडं पोरही सांगेल. भाऊजींचा काय राग करायचा? खरा राग तुमचा येतोय.

आठवतं? चुलीपाशी बसून मला वाचून दाखवली होतीत. भाकरी थापता थापता मी म्हटलं, "अहो, इतक्या लवकर कुणी सावरतं का?" तुम्ही हसलात. "अगं, घडी विस्कटली तरी माणूस कसा उभा राहतो, हेच तर साहित्य!" डोंबलाचं साहित्य! आणि भाकरी मात्र गरम गरम खाल्लीत.

तुम्ही शाळेतून छातीला हात लावून आलात, पाणी मागितलंत आणि गेलात. पाणी आणेपर्यंतही थांबला नाहीत! मी काही सावरले नाही. दुष्काळानं विहीर कोरडी, रेशनवरच्या सरकारी मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली उतरेना. शेवटी शेजारच्या हौसानं दंडाला धरून तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला नेलं. पहिल्याच दिवशी हाताला फोड आले. रडले ती फोडांमुळे की तुमच्यामुळे, देव जाणे. तरी दुसऱ्या दिवशी गेले. हे का नाही लिहिलंत कधी?

आज दुपारच्या सुट्टीत बायांना तुमची गोष्ट सांगितली. हौसा म्हणाली, "आगं, पर ती जेवली कवा? नवरा गेल्यापास्नं येकदाबी जेवली न्हाई ती!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आणि मग असा संताप आला तुमचा! इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलात, आणि तिला एक घास लिहावासा वाटला नाही?

उद्या भाऊजी न्यायला येतील तेव्हा दाराला कडी असेल. मी भाकरी बांधून कामावर गेलेली असेन. काय बोलायचं ते त्यांनी तिथं येऊन बोलावं, सगळ्या बायांसमोर.

आणि एक शब्द देते तुम्हाला. तुमची सुमती अजून दिराच्या उंबऱ्यावर उभी आहे, उपाशी. तिला मी तिथून घेऊन येते. हौसाच्या शेजारी बसवते, माझ्यातली अर्धी भाकरी देते. सावरेल तेव्हा सावरेल.

तुमचीच,
अजून न सावरलेली
विमल