दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, श्रीरंग वासुदेव खांबेटे, वय वर्षे एकाहत्तर, झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यातून निवृत्त, राहणार फाइहिंगेन, स्टुटगार्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टर सांगतात. पुष्करच्या बाबतीत मात्र ती सकाळपासून गोंधळलेली आहे, याची वाचणाऱ्याने नोंद घ्यावी.

कलम १. माझे मेहुणे राजाभाऊ आपटे, पुणे, यांना दिवाणखान्यातले कोकिळेचे घड्याळ द्यावे. दर खेपेला त्यांचा त्यावर डोळा असतो. घड्याळाचा आवाज मोठा आणि वेळ चुकीची आहे. त्यांना शोभेल.

कलम २. माझी दिवंगत पत्नी शोभना हिची इंग्रजी पुस्तके. ती पुण्यात कॉलेजात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या शिकवायची आणि इथे आल्यावरही त्यांचीच पारायणे करायची. त्या गोष्टींत एक पोरका मुलगा असतो. त्याला कुणीतरी गुपचूप वाढवतो, शिकवतो, आणि तो मुलगा भलत्याच माणसाचे उपकार मानत बसतो. आम्हाला मूल नव्हते. एकदा ती म्हणाली, "अहो, आपणही एखाद्याचं करू या. पण नाव कळू द्यायचं नाही. कळलं की पोराची मान कायमची खाली."

तिने साताऱ्याच्या बालकाश्रमातला पुष्कर निवडला. त्याची शाळा, वसतिगृह, इंजिनिअरिंग, सगळे आम्ही केले. पुण्यात धावपळ करायला कुणीतरी हवे म्हणून तिने आपल्या भावाला मध्ये घातले. झाले! कादंबरीत व्हायचे तेच झाले. पुष्करने राजाभाऊंना देव मानले. राजाभाऊंनी त्याला हो म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. शोभना होती तोवर मला याचे हसू यायचे. ती गेल्यापासून येत नाही.

पुस्तके पुष्करला द्यावीत.

कलम ३. पुष्कर तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्टुटगार्टला आला. राजाभाऊंनी त्याला माझा पत्ता दिला. त्याच्या लेखी मी राजाभाऊंच्या बहिणीचा नवरा, एकटा म्हातारा, एवढेच. गेल्या उन्हाळ्यात राजाभाऊ इथे आले, तेव्हा तो माझ्याच स्वयंपाकघरात त्यांच्या पाया पडला. "काका, हे नसते तर मी आज कुठे असतो?" असे त्याने मलाच विचारले. राजाभाऊंच्या तोंडात श्रीखंड होते. त्यांनी ते सावकाश गिळले आणि "सुखी रहा" म्हणाले. मी पुऱ्या तळत होतो. त्यातली एक करपली.

कलम ४. माझे राहते घर राजाभाऊंना (हे खोडले आहे. रागात माणूस उलटेही लिहितो.)

कलम ४, पुन्हा. आमच्या इमारतीत केरवोखे पाळतात. म्हणजे आपली पाळी आली की आठवडाभर जिना आपण झाडायचा. माझे गुडघे गेल्यापासून माझी पाळी पुष्कर करतो. शनिवारी एस-बानची लोकल पकडून येतो, तिसऱ्या मजल्यापासून तळघरापर्यंत झाडतो, पुसतो, चहा पितो, जातो. मी एकदा म्हटले, "अरे, तू कशाला?" तर इथल्यांसारखा 'म्हणजे'ला 'आल्झो' लावून म्हणाला, "काका, आल्झो, तुमच्याकडे यायला मला आवडतं. त्यात काय?"

या "त्यात काय" नेच माझा घोळ केला आहे. त्याला खरे सांगावे असे मला रोज वाटते. माझा जीव तुटतो, हे इथे स्वच्छ लिहितो. पण सांगितले तर पुढच्या शनिवारी तो जिना झाडेल तो उपकार फेडायला. आज जे फुकट मिळते आहे ते उद्या वसुली होईल. आणि सांगितले नाही, तर राजाभाऊ श्रीखंड खात राहतील. शोभना असती तर एका वाक्यात निकाल लावला असता. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

शेवटी एवढेच सुचले: मेलेल्या माणसाचा जिना कुणी झाडत नाही. तेव्हा कळले तर चालेल. हे घर, बँकेतली शिल्लक आणि माझी अवजारे पुष्करला मिळावीत. राजाभाऊंवर त्याने रागावू नये. निरोप पोहोचवायचे काम त्यांनी चोख केले, फक्त निरोप कुणाचा ते सांगायचे राहिले.

साक्षीदार. नोटार, म्हणजे इथला नोटरी, म्हणतो, हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला जर्मनीत साक्षीदार लागत नाहीत. लागत नसतील. आमच्याकडे लागतात. पहिल्या साक्षीदार शेजारीण फ्राउ हेबर्ले. त्यांना मराठी वाचता येत नाही म्हणूनच त्यांना बोलावले. माझी सही पाहून "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या आणि त्यांनी आपली केली.

दुसरा साक्षीदार म्हणून सवयीने पुष्करला फोन केला होता. तो आला, पेन उघडून बसला. तेव्हा मला आठवले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे त्याने साक्षीदार व्हायचे नसते, असा आपल्याकडचा कायदा. मी कागद ओढून घेतला.

"तुझी सही नको," मी म्हणालो.

"का? माझी सही चालत नाही?"

"नाही चालत."

कायदा त्याला ठाऊक आहे की नाही, मला कळले नाही. मग त्याने पेन बंद केले, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि "मग जिना तरी करून येतो, बाबा" असे म्हणून दार ओढून घेतले.

आजवर तो मला काका म्हणत आला आहे. त्याला काय कळले, कुणास ठाऊक. खालून झाडूचा आवाज येतो आहे.

सही: श्रीरंग वासुदेव खांबेटे
साक्षीदार पहिला: एल्फ्रीड हेबर्ले
साक्षीदार दुसरा: जागा कोरी ठेवली आहे. कुणी भरू नये.
स्टुटगार्ट, शनिवार, १८ ऑक्टोबर २००८