टांगायची भिंत

जाब्रिया, कुवेत
२३ जून

ती. वन्सं यांस,

वाकून नमस्कार. (गुडघे परवानगी देतात तेवढं वाकून. उरलेला नमस्कार मनातून पोचला असं समजा.) तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. डॉक्टरांनी महिनाभर वाचू नका म्हटलंय, म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे आणि पानांचे फोटो आजच तुमच्या फोनवर पाठवते आहे. तुमचे बंधू ठणठणीत आहेत. कानातलं यंत्र सकाळी नऊनंतर काढून ठेवतात, त्यामुळे आमचं उत्तम चाललं आहे. संग्राम आणि स्पृहा दिवसभर ऑफिसात असतात आणि घरी आल्यावरही ऑफिसातच असतात. पत्राऐवजी फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही बोलता, वन्सं. पत्रात मला बोलता येतं.

तर विषय भिंतीचा आहे. संग्रामचं घर म्हणजे एका बंगल्याला मागून जोडलेला भाग. इथे त्याला मुल्हक म्हणतात. आपण आउटहाउस म्हटलं असतं, पण सुनेसमोर म्हणत नाही. घरमालकीणबाईंचा मुलगा अमेरिकेत शिकला, तिथली लाकडी दिसणारी घरं बाईंच्या मनात भरली आणि बारा वर्षांपूर्वी त्यांनी या भागाला व्हिनाइल साइडिंग लावून घेतलं. म्हणजे प्लॅस्टिकच्या लांब आडव्या पट्ट्या, एकीत एक अडकवत खालून वर नेलेल्या, लांबून फळ्या वाटाव्यात अशा. बारा उन्हाळ्यांत त्यांचा पापड झाला होता. बाई आता लंडनला गेल्या आहेत आणि परत येईपर्यंत सगळं नवीन करून ठेवा, असं सांगून गेल्या आहेत. काम साहजिकच तुमच्या नीरजच्या कंपनीकडे आलं. त्याची इथल्या राई भागातली शोरूम मी पाहिली. छान आहे. कॉफी देतात.

नीरजने नूरुद्दीनला पाठवलं. मूळचा बाणकोटचा, साठीला टेकलेला, तीस वर्षं इथे, त्यातली बारा नीरजकडे. पहिल्या दिवशी तो मला आवडला नाही. (पहिल्या दिवशी मला कोण आवडलंय? तुम्हीसुद्धा नव्हता.) अकरा ते चार उन्हात काम करायला इथे बंदी असते, म्हणून तो पहाटे पाचला यायचा आणि मी सावलीत खुर्ची टाकून देखरेख करायची. त्याला चुका दाखवायला बसले होते, हे कबूल करते. सकाळी अकरापर्यंत मी शिष्या झाले होते.

जुनं काढण्यासाठी त्याच्याकडे एक चपटी आकडी होती. ती पट्टीच्या खालच्या कडेत सरकवायची, जरा खाली ओढायची आणि भिंतीच्या कडेने चालत जायचं. चेन उघडावी तशी भिंत उघडत गेली. इतक्या पापडात फक्त दोन पट्ट्या मोडल्या, आणि तेव्हा त्याने असा चेहरा केला की मलाच सांत्वन करावंसं वाटलं. मग नवीन पट्ट्या कापायला घेतल्या. पाहते तर कटरचं पातं उलटं. मी लगेच म्हटलं, "नूरुद्दीन, पातं उलटं बसलंय तुमचं."

"हा, बाय. उलटाच लावलाय."

सरळ दात प्लॅस्टिकला चावतात आणि तडा जातो, उलटे दात हळूहळू खरवडत जातात. हातकात्रीसुद्धा तो शेवटपर्यंत मिटायचा नाही, कारण मिटली की कडेला चुणी पडते. मी गप्प बसले. (तुमचे बंधू खिडकीतून पाहत होते. त्यांना ऐकू काही आलं नाही, पण मी गप्प आहे हे दिसल्यावर ते काळजीने बाहेर आले.)

आणि खिळे मारणं तर बघत राहावं. पट्टीच्या वरच्या कडेला लांबट भोकं असतात. खिळा बरोबर त्यांच्या मधोमध घ्यायचा आणि त्याचं डोकं पट्टीला टेकू द्यायचं नाही, मध्ये नाणं जाईल एवढी फट सोडायची. नूरुद्दीन खरोखर नाणं घालून पाहायचा, प्रत्येक खिळ्याला. मग पट्टी हाताने डावी-उजवी सरकवायची. सरकली तर पास. मी विचारलं, एवढं सैल का? तर म्हणाला, "बाय, ह्या टांगायचा असता, ठोकायचा नसता. उन्हात वाढता, थंडीत आखडता. जागा नको?" मी बत्तीस वर्षं विमा कंपनीत काम केलं, पण इतक्या कमी शब्दांत कुणी मला काही समजावलेलं नाही.

समजलं, पण पटलं नाही. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, सैल बटण म्हणजे सैल चारित्र्य. माणूस आठव्या वर्षी असं काही ऐकतो आणि मग भोगतो.

गुरुवारी संध्याकाळी वारा सुटला आणि नवीन लावलेली भिंत खुळखुळायला लागली. शुक्रवारी नूरुद्दीनची सुट्टी होती. त्या दुपारी पारा पन्नासला गेला आणि भिंत फुगली. कुठे पुरी, कुठे पोटऱ्या. शनिवारी नीरज आला, त्याने आकडीने पट्ट्या उघडून पाहिल्या. खिळ्यांची डोकी पट्टीत रुतलेली. कोणीतरी एकूण एक खिळा मनापासून ठोकला होता.

नीरजने माझ्यादेखत त्याला सुनावलं. "इतक्या वर्षांनी ही चूक? आणि मी या महिन्यात तुम्हाला फोरमन करणार होतो." नूरुद्दीन एवढंच म्हणाला, "चुकला, शेट." त्याच दुपारी त्याला वफ्राला पाठवलं, शेतांवरच्या हरितगृहांचं प्लॅस्टिक ताणायला. या वयात, जून महिन्यात. वन्सं, मला तुमच्या मुलाचा संताप आला आहे. जो माणूस नाणं घालून फट मोजतो, तो रातोरात बुद्धी गहाण टाकून ठोकत सुटेल का, एवढा साधा प्रश्न इंजिनिअरला पडू नये? त्याच्या जागी आलेला मनुष्य पातं सरळ लावतो. काल तीन पट्ट्या तडकल्या आणि तो त्यांच्याकडे रागाने पाहत होता.

डोळ्यांत थेंब वेळेवर घालत जा. स्पृहा नमस्कार सांगते. (ती इंग्रजीत म्हणाली, भाव तोच होता.)

तुमची,
अंजू

ता. क. नूरुद्दीनला परत बोलवून फोरमन कर, असं तुम्ही नीरजला सांगायचं आहे. आईचं तो ऐकतो. मामीचं नुसतं ऐकून घेतो.

ता. क. २. कारण विचारलं तर सांगा, खिळे मामीने ठोकले. गुरुवारी संध्याकाळी, नूरुद्दीनच्या आकडीने पट्ट्या उघडून, खलबत्त्यातल्या बत्त्याने आणि लाकडाच्या एका ठोकळ्याने. मला तो खुळखुळाट सहन झाला नाही. एकशे बारा खिळे आहेत.

ता. क. ३. शनिवारी नीरजसमोर मी का बोलले नाही, हे विचारू नका. बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नीरज म्हणाला, "बरं तरी मामी होती लक्ष ठेवायला," आणि ते मिटलं. मग मी नूरुद्दीनला सामान बांधताना गाठलं. त्याला माहीत होतं. म्हणाला, "बाय, हात सरळ हाय तुमचा. एक खिळो वाकडो नाय." मी विचारलं, मग शेटला का नाही सांगितलंत? तर म्हणाला, "घरची माणसं तुमी. मी जाईन, तुमी रोज एकमेकांची तोंडं बघणार." पासष्ट वर्षांत माझ्या कामाची इतकी बारकाईने स्तुती कुणी केली नव्हती, आणि ती मला अशा वेळी मिळाली.

ता. क. ४. तर तुम्ही परवा, गुरुवारी, नीरजला फोन करायचा, कुवेतचे बरोबर दहा वाजता, म्हणजे तुमचे साडेबारा. जेवायच्या आधी. मी पावणेदहाला त्याच्या शोरूममध्ये जाऊन बसणार आहे. पंधरा मिनिटांत माझ्या तोंडून निघालं तर ठीक, नाहीतर तुमची घंटा वाजेलच. कृपा करून उशीर करू नका, आणि लवकरही करू नका.